पाणमांजराला सगळं आधी कळतं

आमच्या देवासच्या घरात २००२ ते २००९ या काळात एकच सिनेमा एकशे सतरा वेळा लागला. हा आकडा अंदाजाचा नाही. टीव्ही ज्या कपाटावर होता, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने रेघा मारत असे. चार उभ्या, पाचवी आडवी. सुरुवात केली ती घरच्यांना जरा लाज वाटावी म्हणून. पंचविसाव्या वेळी दार उघडून दाखवलं, तर बायको म्हणाली, "अय्या, रौप्यमहोत्सव!" आणि त्या दिवशी घरात शिरा झाला. त्यानंतर मी लाज वाटण्याची अपेक्षा सोडली, रेघा मात्र चालू ठेवल्या.

सिनेमा परदेशी, हिंदीत डब केलेला. गोष्ट चार वाक्यांची. एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या न्हाणीघरात एक दिवस पाणमांजर सापडतं, आणि ते बोलतं. घरातले चमचे पळवून टबात साठवतं. वैतागून तो माणूस त्याला नदीवर नेऊन सोडतो. ते परत येतं, आणि शेवटी तोच माणूस जेवायला बसताना एक चमचा जास्तीचा मांडतो. बस. माणसं खरी आहेत, पाणमांजर कॉम्प्युटरमध्ये तयार केलेलं आहे.

माझी नोकरी कारखान्यात तपासणी विभागात. सुटा भाग हातात आला की आधी त्यातली खोट शोधायची, ही सवय घरी आल्यावर शर्टाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. पहिल्या दहा वेळांत मी त्या पाणमांजरातल्या तेवीस चुका काढल्या. ओलं जनावर गालिच्यावरून चालतं आणि गालिचा कोरडा राहतो. खुर्चीची सावली डावीकडे पडते, याची उजवीकडे. सगळ्यात मोठी चूक नजरेची. तो घड्याळवाला पाणमांजराशी बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहत नाही, दोन बोटं वर, कानाजवळ पाहतो. कारण उघड आहे. शूटिंगच्या वेळी तिथे रिकामं फडताळ होतं आणि तो बिचारा हवेशी बोलत होता.

हे सगळं मी एका रविवारी टीव्हीसमोर उभा राहून, पडद्यावर बोट ठेवून मुलीला समजावलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मला पता आहे की ते नाही आहे. आता सरका, ते दिसत नाही आहे."

मी सरकलो.

सिनेमा दोन डिस्कवर होता. पहिली चव्वेचाळीस मिनिटांची, दुसरी चाळीस. पहिली नेमकी कुठे संपावी? घड्याळवाला निघून गेलाय, पाणमांजर नदीच्या काठावर एकटं उभं आहे, तोंडात चमचा, आणि पडदा निळा. मग मी उठायचं, डिस्क काढायची, दुसरी पुसून लावायची. तेवढा वेळ घरात कोणी बोलत नसे. माझा हात जरा सावकाश चालला तर मुलगी ओरडे, "लवकर करा ना, ते तिथे अकेलं उभं आहे!"

या सिनेमाचे घरातले दुसरे भक्त म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही. आबा धारचे. त्यांचे पणजोबा कधीकाळी तिथल्या दरबारात होते. आबा स्वतः सरकारी रेकॉर्डरूममधून निवृत्त झालेले. दरबार गेला तरी घरातली भाषा तशीच राहिली होती. जेवायला बसताना "बसावें" म्हणत आणि त्यातला अनुस्वार ऐकू येत असे. सासूबाई गेल्यापासून गणपतीत आणि दिवाळीत ते आमच्याकडे येत, इंदूरला बस बदलून, पिशवीत नातीसाठी मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, घेऊन. त्या चिंचेचं नारळाएवढं फळ फोडायला मला दरवेळी हातोडी काढावी लागे.

आबांचा आवाज बारीक होता. थोडासा बारीक असं नाही, फोनवर ते "हॅलो" म्हणाले की पलीकडून "घरात कोणी मोठं आहे का?" असं विचारत. तरुणपणी धारच्या मराठी मंडळींच्या नाटकात त्यांना एकदा सेनापती केलं होतं. अंगापिंडाने शोभले, मिशा खऱ्या होत्या, तलवार घेऊन आले आणि पहिलं वाक्य बोलले. प्रेक्षक इतके हसले की पडदा पाडावा लागला. दुसऱ्या वर्षीपासून आबा विंगेत उभे राहून, एका हातात टॉर्च, एका हातात वही घेऊन, अडलेल्या नटाला पुढचं वाक्य सांगू लागले. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. नाटकातली सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ, आणि त्यातलं एकही स्वतःचं नाही.

आबांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो आमच्याकडचा सहावा खेळ. हातात शेवेची वाटी होती. पाणमांजर बोललं आणि आबांचं चावणं थांबलं. हिंदीत ज्या कोणी त्याला आवाज दिला होता, त्याचा आवाज बारीक होता. थेट आबांसारखा.

"हे बोलतंय कोण?" आबांनी विचारलं.

"पाणमांजर," मुलगी म्हणाली.

"आणि त्यास कोणी हसत नाही?"

"हसतात ना, आबा. पण ते पाणमांजर आहे, म्हणून अच्छं वाटतं."

आबा उरलेला सिनेमा शेव न खाता पाहत राहिले. ते देवासला असले की रोज संध्याकाळी त्यांना "ते मुलांचं" लावायची हुक्की येत असे, मुलगी शेजारी खेळायला गेलेली असली तरीही.

आता २००४ च्या गणपतीकडे येतो. आमच्याकडे मराठी समाजाचा गणपती बसतो. समाजात दोन प्रकारची माणसं. एक माझ्यासारखी, ज्यांचे वडील कारखाने निघाले तेव्हा सातारा-सांगलीकडून नोकरीला आले. दुसरी माझ्या बायकोच्या माहेरसारखी, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं आणि ते नियमावलीत दुसऱ्या क्रमांकाला लिहिलेलं होतं: उत्सवातला प्रत्येक कार्यक्रम मराठीतून होईल. दोघांचीही मुलं आपसात हिंदी बोलत, ही गोष्ट नियमावलीत नव्हती.

कार्यक्रमांचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. मी बैठकीत गेल्या वर्षीचे आकडे ठेवले. मुलांच्या संध्याकाळी आरतीला सेहेचाळीस मुलं, प्रसाद वाटल्यावर वक्तृत्व स्पर्धेला नऊ. त्या नवांतले सात स्पर्धक.

"मग काय करावं म्हणता?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष माझ्याच गल्लीतले, निवृत्त, सरळ आणि रागीट.

"सिनेमा दाखवू. कारखान्याच्या ट्रेनिंग रूममधला प्रोजेक्टर मागून आणतो."

"मराठी आहे का?"

"नाही. हिंदी."

"मग नाही."

घरी येऊन सांगितलं, तर मुलगी अभ्यासाच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "आवाज बंद करा ना. आपणच बोलू मराठीत."

बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. नियमावलीत याला कुठेच मनाई नव्हती. मी दोनदा वाचून खात्री केली. अध्यक्षांनीही वाचली आणि नाइलाजाने मान डोलावली.

पुढचे तीन आठवडे मी रोज कारखान्यातून आल्यावर तेच केलं. एका लांब रजिस्टरात चार रकाने आखले: वेळ, कोण बोलतं, काय बोलतं, किती सेकंद. वाक्यं भरली तीनशे सत्तावन्न. त्यांतली पाणमांजराची एकशे बारा. घड्याळवाला मी, त्याची बायको माझी बायको, त्यांची मुलगी आमची मुलगी. किरकोळ शेजारीपाजारीही आम्हीच. राहिलं पाणमांजर.

आबा गणपतीच्या दहा दिवस आधीच आले. पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना, कपाकडे पाहत, एखाद्या मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तसं म्हणाले, "जावईबापू, त्या पाणमांजराचं कुठे काही ठरलं का?"

"अजून नाही, आबा. दोन-तीन मुलं आहेत समाजातली. बघू."

"हो, हो. लहान मूलच शोभेल." आणि कप विसळायला निघून गेले. आमच्या घरी आबा कधी कप विसळत नसत.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला रजिस्टर मिटावं लागलं. "तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं सांगितली," ती म्हणाली. "एकदा त्यांची त्यांना बोलू द्या."

"लोक हसले तर? सेनापतीसारखे?"

"पाणमांजर आहे हो ते. हसलेच पाहिजेत."

मला हे पटत होतं, पण मी माणूस असा आहे की चाचणी घेतल्याशिवाय काही पास करत नाही. रविवारी चाचणी झाली. उमेदवार दोन: आबा आणि आमची मुलगी, कारण तिलाही पाणमांजरच हवं होतं. पन्नास गुण, वेळेला वीस, उच्चाराला वीस, भावनेला दहा. मुलीला एकेचाळीस पडले. आबा उभे राहिले, घसा साफ केला, आणि पडद्यावर पाणमांजराने तोंड उघडताच म्हणाले, "आम्हांस क्षुधा लागली आहे."

मुलगी जमिनीवर लोळायला लागली. "आबा! पाणमांजर असं नाही बोलत!"

"'बोलत' नव्हे. 'म्हणत'."

"पाणमांजर असं नाही म्हणत! ते बोलतं, मला भूक लागलीय!"

"कोणा परक्याच्या घरी प्रथमच गेल्यावर 'मला भूक लागलीय' असं म्हणतात का? मांजर असलं म्हणून काय झालं? रीत आहे काही."

मुलगी उठून बसली. तिने थोडा विचार केला. रजिस्टरात मी आबांना अडतीस लिहिले होते. तिने पेन घेतलं, अडतीसवर काट मारली आणि पन्नास लिहिलं. "पाणमांजर आबा," ती म्हणाली. "पण डायरेक्टर मी. जे बोलेन ते ऐकायचं."

"आज्ञा," आबा म्हणाले.

भाषेची तडजोड झाली. पाणमांजर परक्यांशी दरबारी बोलेल, घरातल्या मुलीशी साधं. आबांनी रजिस्टर उतरवून घेतलं आणि तीन दिवसांत पाठ केलं. माझी चूक इथे झाली, आणि ती मी कबूल करतो. मी त्यांना फक्त एकशे बारा वाक्यं द्यायला हवी होती. मी अख्खं रजिस्टर दिलं, आणि त्यांनी आयुष्यभर जसं पाठ केलं तसंच केलं: तीनशे सत्तावन्न.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आरती सव्वासहाला संपली. प्रसाद वाटून झाला आणि मुलं गेली नाहीत. मी मोजली, बावन्न. मोठी माणसं वेगळी. शेजारच्या वस्तीतली काही हिंदी बोलणारी मंडळीही, इकडच्या भाषेत 'भिया', मागे उभी होती. समोर पांढरी चादर ताणलेली, बाजूला टेबल, टेबलावर दोन माइक. एक आम्हा तिघांत, एक स्वतंत्र, पाणमांजरासाठी. आबांनी काळा कोट घातला होता, वर टोपी.

"आबा, भीती वाटते?" मुलीने विचारलं.

"छे," आबा म्हणाले. "फक्त समोर उजेड आहे, त्याची सवय नाही."

सिनेमा सुरू झाला. पहिलं वाक्य बायकोचं होतं, "अहो, न्हाणीघरात कोणीतरी आहे." चादरीवरच्या बाईने तोंड उघडायच्या अर्धा सेकंद आधी सभागृहातल्या दोन्ही कर्ण्यांतून एक बारीक कुजबूज आली: "अहो, न्हाणीघरात कोणीतरी आहे." मग बायको बोलली.

मला वाटलं प्रतिध्वनी आहे. पुढचं वाक्य माझं. कुजबूज आली, "उंदीर असेल, झोप." मग मी म्हणालो, "उंदीर असेल, झोप." तेव्हा लक्षात आलं, प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी येत होता.

आबा चादरीकडे पाहत होते, पाठ ताठ, ओठ माइकला लागलेले. त्यांना आपण काय करतोय याचा पत्ताच नव्हता. समोर नट उभा आहे, त्याचं वाक्य येतंय, तर ते अर्धा सेकंद आधी सांगायचं, हे त्यांच्या अंगात तीस वर्षं मुरलेलं. फक्त तीस वर्षांत त्यांच्यासमोर कधी माइक नव्हता.

मी मान वळवून डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा परिणाम उलटा झाला. आयुष्यात त्यांच्याकडे मान वळवून पाहणारा प्रत्येक नट अडलेलाच असे. आबांना वाटलं, जावई अडला. ते माझ्याकडे झुकले आणि पुढची दोन वाक्यं जोरात, धीर देत सांगितली.

तोवर चादरीवर पाणमांजर अवतरलं होतं. ते फडताळावर बसलेलं, खाली घरातली माणसं भांडतायत, आणि भांडणातलं प्रत्येक वाक्य कोणी बोलायच्या आधी त्या फडताळाकडून येतंय. पुढे बसलेल्या एका पोराने उडी मारली. "अरे, इसको तो सब पेले से मालूम है यार!"

आणि सभागृह फुटलं. मी तोंड उघडलं की हशा. बायकोने उघडलं की हशा. पाणमांजर स्वतः बोलायचं तेव्हा मात्र शांतता, कारण पुढे काय होणार हे फक्त त्यालाच माहीत, असं आता सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी रजिस्टरात पेन्सिलीने खुणा करत होतो. करायचं दुसरं काही उरलं नव्हतं.

चव्वेचाळीस मिनिटांनी पाणमांजर नदीच्या काठावर एकटं उभं राहिलं आणि पडदा निळा झाला. दिवे लागले. अध्यक्ष तरातरा टेबलापाशी आले.

"हे काय चाललंय? लोक हसतायत!"

"विनोदी सिनेमा आहे," मी म्हणालो.

"चुकीच्या जागी हसतायत! दुसऱ्या भागात पाणमांजराला मुलीला बसवा. आबांना म्हणावं, मागे आराम करा."

आबा तीन फुटांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे, मग मी हातात धरलेल्या रजिस्टरातल्या खुणांकडे. त्यांना आत्ता कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. त्यांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला.

"मी बोलत होतो का?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांचं?"

"हो, आबा."

"ऐकू गेलं?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

"बरं तर. मी विंगेत उभा राहतो. तुमचं कोणाचं अडलं तर..." आणि ते उठले. त्या सभागृहाला विंगच नव्हती, तरी ते चादरीमागे निघाले.

मी अध्यक्षांपुढे रजिस्टर धरलं. "आबांची या भागात स्वतःची वाक्यं अठ्ठावन्न. त्यांत चूक एकही नाही, वेळेचीसुद्धा. माझ्या चुका पाच आहेत, हिच्या तीन. बदलायचं तर आधी मला बदला."

"आणि ते कुजबुजणं?"

"ते एकशे चोवीस वेळा. पण ते माइकमुळे. ती चूक माझी, मी माइक तपासला नाही."

मुलगी मधे आली. "माइकला बटण आहे. आबांचं वाक्य आलं की मी चालू करेन, संपलं की बंद. डायरेक्टर मी आहे." मग चादरीकडे वळून ओरडली, "आबा! इकडे या! पाणमांजर तिथे अकेलं उभं आहे!"

मागून पोरंही ओरडायला लागली, "डिस्क लगाओ, डिस्क लगाओ!" अध्यक्षांनी हात झटकले आणि जागेवर जाऊन बसले. आबा आले. उभ्यानेच विचारलं, "नक्की?" मुलीने त्यांना कोटाला धरून खाली बसवलं.

दुसरी डिस्क सुरू झाली. मुलीचं बोट बटणावर. पाणमांजराची वाक्यं स्वच्छ येत होती, बाकीची माणसं आपापलं बोलत होती, सगळं रजिस्टराबरहुकूम. दोन मिनिटं गेली, तीन गेली. कोणी हसेना. एवढी अचूक दहा मिनिटं मी आयुष्यात इतक्या नाराज चेहऱ्यांसमोर कधी काढली नव्हती. शेवटी मागून एका भियाने हाक दिली, "ओ भिया, बिलाव को क्या हो गया? अब कुछ बता नी रिया!"

"हाँ, चालू करो उसको!" बाकीचे ओरडले. मुलीने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. तिने बटण चालू करून बोट काढून घेतलं.

पण आता आबा सावध झाले होते. त्यांनी उजवा हात तोंडावर घट्ट धरला होता, फक्त आपलं वाक्य आलं की काढायचे, संपलं की पुन्हा झाकायचे. सभागृह वाट पाहत होतं. आबा काही बोलेनात.

चादरीवर घड्याळवाल्याने दार उघडलं. पायरीवर पाणमांजर, भिजलेलं. माझं वाक्य होतं, "तू परत आलास?" रजिस्टरात बोटाखाली होतं, दोन सेकंदांचं. मी ते बोललो नाही. रजिस्टर मिटलं, मान वळवली आणि अडलेल्या नटासारखा आबांकडे पाहत राहिलो.

एक सेकंद. दोन. घड्याळवाल्याचे ओठ हलून थांबले. तीन. आबांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरले. मी अडलेलो नाही, हे त्यांना कळलं. अडलेला माणूस ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. हात हळूहळू तोंडावरून खाली आला.

"तू परत आलास?" पाणमांजर कुजबुजलं.

"तू परत आलास?" मी म्हणालो. पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी परत त्यांच्याकडे पाहिलं. आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"चुकलं माझं," पाणमांजर कुजबुजलं.

हे रजिस्टरात नव्हतं. घड्याळवाला असं काही म्हणतच नाही; तो म्हणतो, "पाय पुसून आत ये." पण सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"उद्यापासून चमचे मीच आणून देत जाईन."

"उद्यापासून चमचे मीच आणून देत जाईन."

"या घरात मला काडीची अक्कल नाही."

बायको माइकपासून तोंड फिरवून हसत होती. मी थांबलो. मागून आवाज आला, "बोल भिया, बोल!" मी बोललो. मग आबा तिच्याकडे वळले आणि तिचं हसणं थांबलं, कारण आता पाळी तिची होती. शेवटची पंचवीस मिनिटं तो सिनेमा आबांनी चालवला. माणसांना त्यांनी हवं तसं बोलायला लावलं, पाणमांजराचं मात्र एकही वाक्य बदललं नाही. त्याची एकशे बाराच्या एकशे बारा वाक्यं जशी पाठ केली होती तशीच आली. घड्याळवाल्याने जास्तीचा चमचा मांडला तेव्हा आबांनी कोणालाच काही सांगितलं नाही. तिथे मूळ सिनेमातही कोणी बोलत नाही.

दिवे लागले. लोक उठले, सतरंज्या गोळा होऊ लागल्या. चादरीवर काळ्यावर पांढरी इंग्रजी नावं वर सरकत होती. मी बंद करायला हात पुढे केला, तर आबा म्हणाले, "थांबा. हे काय?"

"ज्यांनी सिनेमा केला त्यांची नावं."

"हा एवढा मोठा घोळका कशाचा?"

"हे पाणमांजर बनवणारे. कोणी केस, कोणी पाणी, कोणी डोळे. मी एकदा मोजलेत, दोनशे नव्वद."

"दोनशे नव्वद," आबा म्हणाले. "आणि आवाजाला?"

"एक."

आबा उठले नाहीत. टोपी सरळ केली, चष्मा लावला. दोन माणसं चादर सोडायला आली होती, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं, आणि माइक अजून चालू असताना म्हणाले, "आमचं अद्याप चाललं आहे."

ते दोघे चादरीची टोकं धरून उभे राहिले, शेवटचं नाव वर जाईपर्यंत.